पहिला आला तो वरच्या घरचा

पत्रकात मी टोपणनावं छापत नाही. माणसाला बापाने ठेवलेलं नाव असतं, ते आडनावासकट पूर्ण छापायचं, हा माझा नियम. त्या नियमानेच मला खड्ड्यात घातलं.

आमचा गाव गोव्याच्या पेडणे तालुक्यातला. ग्रामदेवाचं नाव पोरांना ठेवायची रीत, आणि अर्ध्या गावाचं आडनाव एक. वाड्यावर उभं राहून ते नाव पुकारलंत तर चार दारं उघडतील. म्हणून गाव नाव घेतच नाही, घर सांगतं. तळीकडचा, वरच्या घरचा, वडाखालचा. या तिघांचं नाव-आडनाव एकच, आणि तिघेही खेळाडू. तळीकडचा डिचोलीला खाणीवर कामाला होता आणि खाणीच्या संघातून फुटबॉल खेळायचा, तो वारला. वडाखालचा व्हॉलीबॉलवाला, तो फोंड्याला राहायला गेला. वरच्या घरचा धावायचा. राज्याच्या स्पर्धेत पाच हजार मीटरला पहिला आला होता. आज तो सत्तरीत आहे आणि डोंगरावर काजू वेचतो.

पंचायतीने मैदानाला फाटक बांधलं तेव्हा फाटकावर त्याचं नाव हवं म्हणून मी पत्रक काढलं. ‘राज्यात पहिला आलेला माणूस याच गावचा आणि गावाला त्याची आठवण नाही. लाज कुणाला वाटायला हवी?’ खाली पूर्ण नाव, ठळक टायपात. ग्रामसभेत सगळे हात वर. मी तर हवेत होते! बाहेर आल्यावर एकजण म्हणाला, “बरां केलंस बाय. काय किक मारायचो तो!”

म्हणजे हात वर झाले ते कुणासाठी? मी चार-पाच जणांना विचारलं. कुणी गोल सांगितले, कुणी स्मॅश. धावणं कुणालाच आठवेना. पंचायतीच्या सेक्रेटरीने अर्ज पुढे केला. “हा घर क्रमांकाचा रकाना भरा आणि प्रमाणपत्र जोडा. मग बघू कोण तो.”

मी तडक वरच्या घरी गेले. काका ओट्यावर काजूच्या बिया वाळत घालत होते.

“प्रमाणपत्र? ता तळीकडे आसा.”

“तुमचं प्रमाणपत्र त्यांच्या घरी?”

“मागसून टपालान इला. नाव आनी गाव, इतक्याच. पोस्टमनान तळीकडे दिल्यान. तेचा लगीन होऊन दोन म्हयने झालेले. तो खाणीर. बायलेन काचेत घालून भिंतीर लायल्यान. मागीर तो माका येऊन म्हणता, रे, ती सगळ्यांका दाखयता, आता काय करू? मी म्हटलां, रवांदे.”

“राहू दे? काका, चाळीस वर्षं?”

“तुका चाय होयी?”

माझा संताप झाला, पण कुणावर करायचा ते कळेना. पोस्टमनवर? मेलेल्या फुटबॉलवाल्यावर? की समोर बसलेल्या या माणसावर, ज्याच्यासाठी मी घसा फोडला आणि जो मला चहा विचारतो?

कागद आणायचा ठरवून मी तळीकडे गेले. दारातच सांगायचं होतं: काकी, हा कागद तुमच्या नवऱ्याचा नाही. एवढं एक वाक्य. सरपंचाच्या तोंडावर मी याहून कडू बोललेय.

फ्रेम खूप उंच, जवळजवळ वाशाला टेकलेली. शेजारी नवऱ्याचा फोटो. दोघांना एकच हार, अबोलीचा.

“धावलो तां माका कधी सांगूकच नाय बग,” काकी म्हणाल्या. “मी इचारलंय की हसायचो. बाकीचे घोवमाणूस एक मासो गावलो तरी गाव जागो करतत. हेणी राज्यात पयलो येऊन तोंडातसून शब्द काढूक नाय.”

मी खोबऱ्याची वडी खात राहिले.

“फाटकार नाव लागतला म्हणतत. प्रमाणपत्र होया आसतला मां?” त्यांनी स्टूल ओढलं, मला वर चढवलं आणि फ्रेम स्वतःच्या पदराने पुसून धुतलेल्या टॉवेलात गुंडाळून दिली. “बेगीन परत हाड हां. भिंत ओकी दिसता.”

कागद हातात आला, न मागता. आणि ते वाक्य माझ्या पोटातच राहिलं.

वरच्या घरी मी टॉवेल सोडला तेव्हा काकांनी हात लुंगीला पुसले. फ्रेम मांडीवर घेतली. मग म्हणाले, “दर चवथीक गणपतीच्या आरतीक जातंय थंय. पण इतकी उंचार लायल्यानी की वाचूक येना. आता डोळ्यांक बारीक अक्षर दिसना. बग गो, टायम किती लिवलोसा?”

“टायम?”

“माझो टायम. तेवां इतकी गर्दी अंगार पडली की कोणी सांगूकच नाय.”

मी कागद उजेडात धरला. मोठ्या अक्षरांत नाव, खाली बारीक गाव, शर्यत, क्रमांक पहिला, दोन सह्या. मागची पुठ्ठ्याची बाजूसुद्धा बघितली.

“नाही लिहिलेला, काका.”

त्यांनी काच तळव्याने पुसली. मग टॉवेल पुन्हा गुंडाळला, माझ्यापेक्षा नीट.

“तर मगे व्हर परत.”

“आणि अर्ज? घर क्रमांक कुठला घालू?”

“माझो घालू नको.”

“मग तळीकडचा?”

“तोय नको. तेणां धावूक नाय.”

हे कसलं उत्तर? मी भांडले, ओरडले, सत्य वगैरे शब्द वापरले. ते बिया पसरत राहिले.

झेरॉक्स काढून मी संध्याकाळी फ्रेम परत नेली आणि स्टुलावर चढून जागेवर टांगली. पण एक खिळा खाली; काकींनी विचारलं तेव्हा मी “वरचा हलतोय” म्हणाले. या वर्षी चवथीला काकांना तिथून निदान नाव तरी वाचता यावं.

घर क्रमांकाचा रकाना रिकामा आहे आणि तो अर्ज माझ्या पिशवीत. रविवारी ग्रामसभा. सेक्रेटरी उभं करून विचारणार, कुठल्या घरचा? आणि काकी पुढच्या रांगेत असणार. निघताना त्यांनीच सांगितलं, नवीन साडी काढून ठेवली आहे.