फळीवरची खदान

मी केलेला डोंगर सुंदरबाईंनी पहिल्याच दिवशी उचलला, शाळेच्या मागं नेला आणि कचऱ्यात टाकून परत आल्या.

"डोंगर हाय का वाढदिवसाचा केक?" त्या म्हणाल्या. "हिरवागार आन गुळगुळीत. खदान आसली दिसती व्हय?"

मी धारूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होते. बीडला रेल्वे आली त्या वर्षी शाळेनं प्रदर्शनासाठी मोठं मॉडेल करायचं ठरवलं. नऊ फुटांच्या फळीवर चालती रेल्वे आणि तिच्या कडेला दगडाची खदान. खदानच का, तर संस्थेचे अध्यक्ष अमरसिंह यांचं घाटाजवळ खडी केंद्र आहे. त्यांची खडी नव्या रुळांखाली पडली होती. "मॅडम, रेल्वे तर सगळेच दाखवतील. आपली खदान दिसली पाहिजे," असं त्यांनी मला दोनदा बजावलं होतं.

रेल्वेचं काम युसूफभाईंकडं होतं. बसस्टँडच्या मागं त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. तरुणपणी काही वर्षं ते परळीला होते, तिथं त्यांना रेल्वेचं वेड लागलं ते सुटलंच नाही. पत्रा कापून, मोडक्या खेळण्यांच्या मोटारी काढून त्यांनी इंजिन आणि सहा वाघिणी केल्या होत्या. माझा थर्माकोलचा डोंगर बघून ते तोंडावर काही बोलले नाहीत. नुसतं म्हणाले, "सुंदरबाईला बोलवा मॅडम. कागदाच्या लगद्याच्या टोपल्या तिच्यासारख्या कुणाला जमत न्हाईत."

मी लगद्यासाठी बोलावलं होतं. या बाईनं बावीस वर्षं अमरसिंहांच्याच खदानीत दगड फोडलाय, हे मला माहीत नव्हतं.

साठीच्या आसपासचं वय. उजव्या हाताची दोन बोटं वाकडी. डाव्या डोळ्यात पांढरा ठिपका, तिथं कधीकाळी दगडाची कपची उडून लागली होती. साधं "पाणी द्या" म्हणाल्या तरी शेजारच्या वर्गातल्या मुली दचकायच्या.

त्यांनी शाळेची रद्दी दोन दिवस भिजत घातली. मेथ्या भिजवून वाटल्या, लगद्यात मिसळल्या आणि उखळात सगळं एकजीव कुटलं. युसूफभाईंनी कोंबड्यांच्या खुराड्याच्या जाळीचा सांगाडा वाकवून दिला. त्यावर लगदा चढला. तो अर्धवट ओला असतानाच सुंदरबाई विळ्याच्या टोकानं तो फोडू लागल्या. हो, फोडूच लागल्या. एकेक घाव घालून त्यांनी कडा काढला, काजळी आणि डिंकानं तो काळा केला आणि मधून गेरूची एक बोटभर पट्टी ओढली.

"ही तांबडी कशाला, मावशी?"

"काळ्या दगडाच्या मधी आसती. मऊ आसती. वरचा दगड हिच्यावरून सरकतो."

मी स्पंजची हिरवी झाडं चिकटवली होती. त्यांनी मूठभर राख त्यांच्यावर फुंकली. "क्रशरजवळचं झाड आसं आसतं. पानाला हात लावला तर हात पांढरा व्हतो. आमी तर त्याच धुळीत भाकरी खाल्ली."

युसूफभाईंशीही त्यांचं रोज वाजायचं. तेलाच्या डब्याच्या पत्र्याचं, खडी फोडायचं सुरेख क्रशर युसूफभाईंनी केलं होतं. सायकलच्या ट्यूबचा पट्टा फिरायचा आणि बारीक कच थेट वाघिणीत पडायची. सुंदरबाईंनी ते चारी बाजूंनी पाहिलं.

"मिस्त्री, दगड वरून टाकायचा आसतो. ट्रॅक्टर वर चढंल कसा? चढण कुठाय?"

"बाई, हे रेल्वेचं मॉडेल हाय. खदानीचं न्हाई."

"मग खदान कावून लावली?"

युसूफभाईंनी दुसऱ्या दिवशी चढण करून आणली. पाण्याची टाकी आणली. सुरुंगाच्या वेळी लावायचा लाल झेंडा आणला. दुधाच्या पिशव्या कापून सुंदरबाईंनी मजुरांची पालं उभी केली. मला वाटलं, झालं. तेवढ्यात त्या कड्याचा पायथा आतून कोरायला बसल्या. इतका खोल कोरला की वरचा भाग छज्ज्यासारखा पुढं लोंबकळू लागला.

"मावशी, खदान वरून खाली पायऱ्या-पायऱ्यांनी खोदतात," मी म्हणाले.

"पुस्तकात खोदत आसतील."

मग तार आणि चिंधीची दीड बोटाची बाई त्यांनी त्या छज्ज्याखाली बसवली. निळं लुगडं, हातात हातोडी. कोण ही, असं मी विचारलं.

"केशर," त्या म्हणाल्या.

केशरबाई आणि सुंदरबाई खदानीत जोडीनं कामाला होत्या. एकोणीस वर्षांपूर्वी मालाची घाई होती. वरून छिद्रं पाडत बसायला वेळ लागतो, म्हणून मुकादमानं खालून पोखरायला लावलं. बायांनी त्याला सांगितलं होतं की तांबड्या पट्टीतून माती झरतीय. "काम करा, भूगोल शिकवू नका," असं उत्तर मिळालं.

"मी पाण्याला गेलते," सुंदरबाई म्हणाल्या. "तांब्या तोंडाला लावला न्हाई तर आवाज झाला. मागं बगितलं तर केशर न्हाई. कडाच न्हाई."

बोलताना त्यांच्या हातातला विळा फळीवर आपटत होता.

"आन पंचनाम्यात काय लिवलं? शेळ्या चारायला आलती, मना केलं तरी खदानीत घुसली. शेळ्या! उभ्या जल्मात शेळी पाळली न्हाई तिनं. मी वरडले, आवो ती माझ्यासंगं काम करत व्हती. तर मुकादम म्हन्ला, तू तरी कामावर व्हतीस का? लिवणारानं मान वर केली न्हाई."

मला भीती वाटली. हे लिहितानाही लाज वाटते, पण मी काय बोलले ते सांगायला हवं. मी म्हणाले, "मावशी, ही बाहुली दुसरीकडं ठेवू या का? त्या टाकीजवळ?"

सुंदरबाईंनी बाहुलीपुढं हात धरला.

"टाकीजवळ मी व्हते. ती हितं व्हती." मग म्हणाल्या, "तुमी बी त्या पंचनाम्यावाल्यातल्याच की."

बाहुली तिथंच राहिली.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी, दार उघडण्याआधी अमरसिंह आले. बरोबर मुख्याध्यापक आणि चार-पाच माणसं. युसूफभाईंनी रेल्वे सुरू केली. क्रशरखाली वाघिणी भरल्या, तेव्हा अमरसिंहांनी टाळी वाजवली. मग ते खदानीकडं वाकले आणि वाकूनच राहिले.

"हा कडा असा का लटकतोय? आमच्याकडं पायऱ्या आहेत."

"आता हायत," मागून सुंदरबाई म्हणाल्या. "तवा नव्हत्या."

"तुम्ही कोण?"

"बावीस वर्सं तुमचा दगड फोडला."

"असं कुणी मला आठवत नाही," अमरसिंह म्हणाले आणि मुख्याध्यापकांकडं वळले. "हे कुणी करायला सांगितलं? ती बाई शेळ्या चारायला आली होती, सगळ्या तालुक्याला माहीत आहे. तिला इथं बसवायचं काय कारण?"

युसूफभाईंनी रेल्वे थांबवली.

"मी तर कुणाचं नाव घेतलं न्हाई," सुंदरबाई म्हणाल्या. "दीड बोटाची चिंधी हाय ती. तुमी कशी वळखली?"

अमरसिंहांचा चेहरा उतरला नाही, तापला. "हे झाका. आत्ताच्या आत्ता," एवढं बोलून ते बाहेर गेले. मुख्याध्यापकांनी टेबलावरची चादर ओढून माझ्या हातात दिली. मी ती खुर्चीवर ठेवली. मी त्या दिवशी केलं ते एवढंच. शिपायानं ती उचलून खदानीवर टाकली.

सुंदरबाईंनी चादर भिरकावून दिली. "झाकायचं न्हाई! एकदा झाकलंय तुमी. माझं मी घेऊन जाते."

फळीचे दोन तुकडे मधोमध बोल्टानं जोडलेले होते. युसूफभाई पान्हा घेऊन खाली बसले. हा माणूस कुणाशी वर आवाजात बोललेला मी पाहिला नव्हता. त्यांनी खदानीचा भाग सुटा केला, मग इंजिन उचलून पिशवीत टाकलं. मुख्याध्यापक म्हणाले, "अहो, रेल्वे तरी राहू द्या, पाहुणे यायचेत."

"रूळ हायत की साहेब. ढकला," युसूफभाई म्हणाले.

टेम्पोत घालून खदान त्यांच्या दुकानात गेली. बसस्टँडच्या मागं बातमी पसरायला चहाचा कपही पुरतो. चौथ्या दिवशी खाकी गणवेशातली एक कंडक्टर मुलगी दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहिली. मीही तिथं होते, सुंदरबाईही होत्या. ती विजयमाला, केशरबाईंची मुलगी. आई गेली तेव्हा चार वर्षांची होती. मांजरसुंब्याला मामाकडं वाढली, एसटीत लागली. आईनं शेळ्यांच्या मागं जाऊन स्वतःच जीव घालवला, असंच तिला सगळ्यांनी सांगितलं होतं. लहानपणी ती रस्त्यात दिसेल त्या शेळीला दगड मारायची.

ती फळीजवळ बसली. कड्याखाली वाकून बघितलं.

"शेळ्या कुठं होत्या, मावशी?"

"नव्हत्याच."

"आन तुमी?"

सुंदरबाईंनी टाकी दाखवली. आपण काय पाहिलं, काय ओरडलो, सगळं सांगितलं. मला वाटलं मुलगी रडेल. ती उभी राहिली.

"एकोणीस वर्सं तुमाला माहीत व्हतं. मांजरसुंबा काय काशीला हाय का? रोज गाड्या जातात. एकदा येऊन सांगता आलं न्हाई? मी माझ्या आईला शिव्या दिल्या, मावशी! हट्टी व्हती, मूर्ख व्हती म्हणून शिव्या दिल्या!"

सुंदरबाईंनी बाहुलीचं लुगडं उगाच सारखं केलं.

"भ्याले," त्या म्हणाल्या. "माझा मालक बी तिथंच कामाला व्हता. पोरं लहान व्हती. राग रोज येत व्हता, पर पाय उचलला न्हाई. शिव्या मला दे. तिला नको."

विजयमाला निघून गेली. दोन दिवसांनी ती अर्ज लिहूनच आली. चौकशी पुन्हा करा, आई त्या दिवशी कामावर होती, असा जिल्हाधिकाऱ्यांना अर्ज. सुंदरबाईंनी सही केली. तेव्हाच्या आणखी दोघी बायांना त्यांनी घरी जाऊन अक्षरशः ओढून आणलं. अमरसिंह हॉलमध्ये काय बोलले ते मी लिहून दिलं. महिन्याभरात संस्थेनं माझी बदली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत केली. आता मला दोन गाड्या बदलून जावं लागतं. तक्रार नाही, पण राग आहे. रोज सकाळी बसमध्ये बसताना येतो.

मार्चमध्ये चौकशीचे अधिकारी जागेवर आले. जुन्या खदानीत आता चाळीस फूट पाणी साचलंय. खडी केंद्राचा मॅनेजर म्हणाला, "साहेब, इथं काय दिसणार?" सुंदरबाईंनी पाण्याच्या वर उरलेल्या कड्यात तांबडी पट्टी दाखवली, तुटलेला भाग कुठून कुठपर्यंत होता ते हातानं दाखवलं, टाकीचा चौथरा झुडपातून शोधून काढला. अधिकारी लिहीत होते. लिहून झाल्यावर विजयमालानं कागद मागून घेतला आणि तिथंच उभ्यानं वाचला.

"मयत ही खडी फोडण्याचे काम करीत होती, असे अर्जदार सांगतात," तिनं मोठ्यानं वाचलं.

"सांगतात?" सुंदरबाई भडकल्या. "म्या डोळ्यानं बगितलं! सांगतात काय? व्हती म्हणून लिवा!"

"बाई, निकालाआधी मला असंच लिहावं लागतं," अधिकारी म्हणाले.

"मग साक्षीदारानं स्वतः पाहिलं, हे तरी लिहा," विजयमाला म्हणाली. "त्याशिवाय आमी सही करणार न्हाई. माझी ड्युटी दोनला हाय, तोवर मी हितंच उभी हाय."

ऊन चढत होतं. मॅनेजर गाडीत जाऊन बसला. अधिकाऱ्यांनी पाच-सात मिनिटं इकडं तिकडं पाहिलं, मग पेनचं टोपण काढून ते वाक्य लिहिलं. विजयमालानं ते दोनदा वाचलं, सही केली आणि पेन सुंदरबाईंच्या हातात दिलं.

निकाल अजून लागलेला नाही. पुढची तारीख जूनची आहे.