दरी खोडायची नाही

"वहिनी, नट आणला का?" दवाखान्यात भाऊजी माझ्याशी शेवटचं बोलले ते एवढंच. देवाचं नाव नाही, निरवानिरव नाही... नट. आमच्या सासऱ्यांनी कापड मिलमधून आणलेला, लाडवाएवढा लोखंडी, सहा कोनांचा. मी तो पदराला बांधूनच नेला होता. भाऊजींनी तो चादरीवर ठेवला, बोटानं त्याची कड गिरवली आणि डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर, वसंत. लग्न केलं नाही, बडा गणपतीच्या देवळाजवळच्या आमच्याच घरी राहिले आणि तरुणपणापासून कुठेच नसलेल्या देशांचे नकाशे काढत बसले. मी तेव्हा नवी नवरी होते आणि भयंकर शहाणी. नकाशातल्या एका गावावर बोट ठेवून मी विचारलं, "इथे बस जाते का?" "जाते ना. सांवेरला बदलावी लागते," भाऊजी चेहऱ्यावरची रेषही न हलवता म्हणाले. सांवेर तेवढं खरं, आमच्या जवळचंच गाव. आणि ती शहाणी बाई पुढे आठवडाभर सासूबाईंना विचारत हिंडली, सांवेरच्या पुढे हे गाव नेमकं कुठे लागतं...

त्यांच्या नकाशांना गिऱ्हाईक मिळालं ते निवृत्तीनंतर. माझी नात ऋचा आणि तिची मित्रमंडळी दर रविवारी आमच्या जेवणाच्या टेबलावर एक खेळ खेळतात. एकानं मनातलं जग सांगायचं, बाकीच्यांनी जादूगार, चोर, योद्धे होऊन त्यात हिंडायचं, लढाई आली की फासे टाकायचे. "आबा, आम्हाला हेक्स मॅप पाहिजे यार, पूरी दुनिया का," ऋचा भाऊजींना म्हणाली. म्हणजे षट्कोनी घरांचा नकाशा. एक घर म्हणजे एका दिवसाची वाट. असे आखलेले कागद तयार मिळतात म्हणे. भाऊजींनी मिलचा नट काढला आणि तो गिरवत घरं पाडली. पेन्सिलीच्या रेघेलाही जाडी असते, हे मात्र धरलं नाही. प्रत्येक ओळ जरा जरा सरकत गेली आणि दोन कागद शेजारी ठेवले तर घरं अर्ध्यानं चुकलेली. "आबा, ये तो गडबड हो गई," जादूगार झालेला पोरगा म्हणाला. भाऊजींनी सावकाश चष्मा पुसला. "गडबड नाही भिया. तिथे दरी आहे." मग कितीतरी रविवार ही पोरं ती दरी ओलांडत होती. जादूगार तर दोनदा पडला.

तेराव्याला माझा मुलगा सतीश पुण्याहून आला होता. "आई, काकांचे नकाशे फ्रेम करू, हार घालू. पण हा खेळ आता बंद कर. लोक काय म्हणतील, घरात दुखवटा आणि टेबलावर फासे." पोरं खाली मान घालून उभी. त्यांची सगळी फौज दुसऱ्या कागदाच्या पूर्वेच्या कडेवर येऊन थांबली होती आणि तिसरा कागद कोराच होता. तो झाला नाही तर ते जग तिथेच संपणार होतं. मी म्हटलं, "हार घातलास की त्या नकाशावर कोणी चहाचा कप ठेवणार नाही. अन् चहाचे डाग नसलेला नकाशा तुझ्या काकांनी कधी नकाशा मानला नाही."

"मग पुढचा काढणार कोण?"

"मी."

"तुला येतं?"

"बसची चौकशी करणारी बाई मी. मला काय येणार."

रविवारी बसले. नट धरून गिरवते, पण रेघा भाऊजींपेक्षा जाड येतात. कागद शेजारी लावला तर अर्ध्यानं कसला, पाऊण घरानं चुकला. ऋचा खोडरबर घेऊन उठली. "आजी, रुक, मी ठीक करते."

"हात लावायचा नाही," मी म्हटलं. "दरी आहे. आधीच्यापेक्षा मोठी."

ज्याला रडायचं त्यानं अलीकडच्या काठावर खुशाल रडावं, सतीशनंही. पंख्याच्या वाऱ्यानं कागद उडायला लागला, म्हणून मी त्यावर नट ठेवला. जादूगारानं नटाकडे पाहिलं, दरीकडे पाहिलं, मग फासे उचलले आणि विचारलं, "आजी, किती खोल?"