काळी चार

आमचा ऑर्केस्ट्रा मास्तरनं बुडवला, असं जळगावातले आमच्या वयाचे लोक अजून सांगतात. लग्न ठरलं, डोक्यात हवा गेली आणि चांगलं नाव होत असताना तो सोडून गेला. ही गोष्ट गावात पहिल्यांदा मी सांगितली. ती खरी नाही.

ऑर्केस्ट्रा म्हणजे आम्ही पाच मित्र. दर गुरुवारी संध्याकाळी कापसाच्या एका गोदामात जमून सिनेमातली गाणी वाजवायचो. गोदाम एका मारवाडी व्यापाऱ्याचं. त्याच्या मुलाला आम्ही शेठ म्हणायचो. पुरुषाची सगळी गाणी तो म्हणायचा. त्याच्या वडिलांना गाणंबजावणं खपत नसे, म्हणून दार आतून लावून घ्यायचं. पत्र्यापर्यंत रचलेल्या गाठी सगळा आवाज पिऊन टाकत. बाहेर रस्त्यावर काही ऐकू जात नसे. आत मात्र जीव उकडून निघायचा. पंखा नाही, घामावर कापसाचे तंतू चिकटलेले, आणि ठिणगीच्या भीतीनं विडीसुद्धा ओढायची नाही.

मी अ‍ॅकॉर्डियन वाजवायचो. दिवसभर कचेरीत आवक-जावक, घरी दोन खोल्यांत दाटीवाटीनं राहणारी माणसं आणि त्यांत अंथरुणाला खिळलेले वडील. गुरुवारची संध्याकाळ सोडली तर माझं असं काही नव्हतं. मोकळा श्वास घ्यायला मी त्या कोंदट गोदामात जायचो.

गाणारी मुलगी मिळणं शक्यच नव्हतं. कोण आपल्या मुलीला गोदामात पाठवणार? म्हणून बायकांची गाणी मास्तर म्हणायचा. तो नरडाण्याजवळच्या खेड्यातला, शेतकऱ्याचा मुलगा, जळगावात प्राथमिक शाळेत शिक्षक. अंगानं दणकट, मिशा राखलेला. पण खोटा आवाज लावला की डोळे मिटून ऐकणाऱ्याला बाईच गाते आहे असं वाटायचं. बायकांची पट्टी काळी चार, म्हणजे पेटीवरची चौथी काळी. मी त्या पट्टीत वाजवायला लागलो की मास्तर उभा राहायचा. सांगावं लागत नसे.

पहिली एक-दोन वर्षं त्याला मजा वाटली. मग आम्ही गणपतीत, कुणाच्या लग्नात वाजवायला लागलो आणि गावानं त्याला ओळखलं.

"भाऊ, पोरं माले बाई म्हणतस," तो एकदा गोदामात म्हणाला. दुखावला की तो अहिराणीवर यायचा. "गुरुजी नही, बाई. फळ्याकडे तोंड करं का मांगून आवाज येस."

"मग बाईंनी छडी काढायची ना!" बोंगो वाजवणारा म्हणाला. आम्ही हसलो. मास्तरही हसला.

त्यानंतर त्यानं शेठला सरळच विचारलं, की एखादं पुरुषाचं गाणं मला दे.

"अरे मास्तर," शेठ म्हणाला, "माझी गाणी तू म्हणणार, तर मी ड्युएट काय ह्या गाठींबरोबर म्हणू?"

विषय तिथंच संपला. गोदाम शेठचं, किल्ली शेठची. मास्तर एखादा गुरुवार चुकवायचा, तेव्हा आम्ही त्याच्या खोलीवर जाऊन त्याला घेऊन यायचो. तोही यायचा. गाण्याशिवाय त्याला राहवत नसे आणि गायला दुसरी जागा नव्हती. एकदा मी लवकर पोचलो, तर शेठ कुलूप उघडून कुठंतरी गेलेला, दार नुसतं लोटलेलं आणि आत मास्तर एकटाच गात होता, स्वतःच्या आवाजात. आवाज साधाच, थोडा घोगरा. पण तो त्याचाच होता, मिशीसकट. मी दाराशी थांबून ऐकलं आणि मग मुद्दाम कडी वाजवली.

पुढं त्याचं लग्न धुळ्याला ठरत आलं. मुलीचे वडील आणि भाऊ गणपतीत जळगावला येणार होते; मुलगा बघायचा आणि कार्यक्रमही ऐकायचा. मास्तर माझ्या घरी आला. बसलाही नाही.

"यंदा एकच गाणं मी मन्हा आवाजमा गासू. त्या लोकेसना समोर बाईना आवाज नको, भाऊ. तू हा म्हण, मंग बठ्ठा ऐकतीन."

बाकीचे सगळे माझं ऐकतील, असा त्याचा भरवसा. मी हो म्हणालो. गाणं ठरलं. आमच्या घरामागच्या मोरीजवळ उभं राहून त्यानं ते हळू आवाजात बसवलं.

कार्यक्रमाच्या दुपारी वाद्यं बांधत असताना शेठला ते कळलं. तो रागावला नाही. कंगव्यानं केस मागं सारत मला म्हणाला, "लोक त्या आवाजासाठी येतात, भाऊ. आज तो झाला नाही, तर गुरुवारी गोदामाकडे येऊ नका. बघा बुवा."

मी मास्तरला काही सांगितलं नाही. मंडपापर्यंत तो माझ्या शेजारून चालत होता, तोंडातल्या तोंडात ते गाणं घोळवत.

आरतीनंतर कार्यक्रम सुरू झाला. धुळ्याची मंडळी पहिल्या रांगेत, सतरंजीवर. शेठची गाणी झाली. मास्तरची पाळी आली, तो पुढं आला, आणि मी काळी चार धरली. त्याच्या गाजलेल्या गाण्याची सुरावट वाजवायला लागलो. बाकीचे माझ्या बोटांकडे बघून वाजवत. त्यांचे हात आपसूक चालू झाले. लोकांनी शिट्ट्या मारल्या. मास्तरनं वळून माझ्याकडे पाहिलं. गायची जागा आली आणि गेली. मी सुरावट पुन्हा पहिल्यापासून घेतली. तिसऱ्यांदा जागा आली तेव्हा त्यानं डोळे मिटले आणि बाईचा आवाज लावला.

तो फार सुंदर गायला. वन्स मोअर झाला, तोही दिला. मुलीचे वडील मांडीवर थाप मारून म्हणाले, "आवाज भलता गोड शे!" लग्न मोडलं वगैरे काही नाही, दिवाळीनंतर झालं.

मास्तर गोदामात पुन्हा आला नाही. धुळ्याच्या एका शाळेत नोकरी धरून निघून गेला. लोक विचारू लागले, तेव्हा मी ती डोक्यातल्या हवेची गोष्ट सांगितली. बाईचा आवाज गेल्यावर आम्हाला कुणी बोलावेना. शेठला वडिलांनी पेढीवर बसवलं, गोदामाला कुलूप लागलं, आणि माझे गुरुवारही इतर दिवसांसारखे झाले.

निवृत्तीनंतर एकदा धुळ्याला गेलो, तेव्हा त्याच्या घरी गेलो. त्यानं जेवल्याशिवाय सोडलं नाही. त्याची बायको कळण्याची भाकरी वाढता वाढता म्हणाली, "हे गायचे म्हणतात सगळे. मी तर लग्नानंतर एकदाही ऐकलं नाही. आरतीलासुद्धा नुसत्या टाळ्या वाजवतात."

मास्तर ताटाकडे बघत होता. मग म्हणाला, "भाऊ, त्या दिनले तुन्हा हात चुकना व्हता ना?"

"हो," मी म्हणालो. "घाईत काळी चार लागली."

"मी हिले हाईच सांगस, का भाऊना हात चुकना व्हता," तो म्हणाला. त्याचा चेहरा एकदम सैल झाला. माझ्या ताटात त्यानं आणखी अर्धी भाकरी टाकली आणि जळगावात कोण कोण राहिलं ते विचारत बसला.

मास्तर, हात चुकला नव्हता. सूर धरण्याआधी मी तुझ्याकडे पाहिलं होतं. तू धुळ्याच्या मंडळींकडे तोंड करून शर्टाची कॉलर नीट करत होतास.