‘सध्या’ म्हणजे कधी?

मला कोणता शब्द सर्वांत जास्त डोक्यात जातो असं कुणी विचारलं, तर मी ‘सध्या’ म्हणेन. त्याच्या पाठोपाठ ‘नुकतेच’, ‘लवकरच’ आणि ‘आज’. कोल्हापुरातल्या एका दैनिकात मी बरीच वर्षं बातम्या तपासते आहे. आधी छापील अंकासाठी तपासायचे, आता वेबसाइटचं काम माझ्याकडे आहे. पूर्वी तालुक्यांतून पाकिटं यायची आणि आत लिहिलेलं असायचं, ‘आज येथे मोठ्या उत्साहात.’ आज म्हणजे कधी? नेसरीचा बातमीदार कार्यक्रम झाला की सावकाश लिहायला बसायचा, मग सवडीनं एस.टी.च्या कंडक्टरकडे पाकीट द्यायचा, आणि ते आमच्या हातात पडेपर्यंत मंडपाचे बांबूसुद्धा मालकाकडे परत गेलेले असायचे. मी फोन करून झापलं की तो म्हणायचा, “ताई, कार्यक्रम झालाय न्हवं? मग कवा का हुईना!”

अशा लोकांनी मला घडवलं. समोर काहीही आलं की ते काय आहे हे मी नंतर बघते. आधी ते कधीचं आहे हे बघते. त्यात मी सहसा चुकत नाही. हे माझं मीच सांगते, कारण आमच्या घरात दुसरं कुणी सांगणार नाही.

माझा मोठा भाऊ, आमचा दादा, गडमुडशिंगीला असतो. शेती त्याच्याकडे आणि आईही त्याच्याकडेच. यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला एका शनिवारी मी तिकडे गेले होते. दुपारची जेवणं झाली आणि दादानं विजयी मुद्रेनं मोबाइल माझ्यापुढे धरला.

“गावलं बघ! मामा महाराज कुठं हायत ते गावलं.”

हे सांगायला हवं. आईचा धाकटा भाऊ, म्हणजे आमचा मामा, मी कॉलेजात असताना दिगंबर जैन मुनी झाला. दीक्षा घेतली त्या दिवशी कपडे सुटले, घर सुटलं, नाती सुटली. तेव्हापासून ते पायीच फिरतात. पावसाळ्याचे चार महिने तेवढे एका गावी मुक्काम, एरवी आज इथं तर उद्या तिथं. जवळ मोरपिसांची पिच्छी, पाण्याचा कमंडलू, बस्स. फोनचा प्रश्नच नाही. आई पूर्वी दर्शनाला जायची. मग तिचे गुडघे गेले, मग वडिलांचं आजारपण लागलं, आणि बघता बघता कितीतरी वर्षं गेली.

आणि आता तिचे डोळे चालले होते. काचबिंदू. डॉक्टरांनी यंदा स्पष्टच सांगितलं होतं की आहे ते पावसाळ्यापर्यंत टिकलं तर नशीब. म्हणजे चातुर्मास बसेपर्यंत, महाराज एका जागी थांबेपर्यंत वाट बघण्यात अर्थ नव्हता. मी एकदा तिला समजावायला गेले होते की दर्शन काय, मनानंही होतं. ती उसळलीच.

“मनानं तुझं तू घे! बाईमाणसानं मुनीस्नी शिवायचं न्हाय, मग चाचपून तरी कसं वळखू? आन् बोलतील, न बोलतील. मला डोळ्यांनीच बघाय पायजे. हायत तवर एकदा दाव मला माझा धाकटा.”

तिचं म्हणणं खरं होतं.

तर दादाचं ते पान. वर महाराजांचा फोटो, खाली मजकूर : ‘पूज्य महाराज सध्या’ अमुक गावी ‘विराजमान आहेत.’ गाव बेळगावच्याही बरंच पुढे, रस्ता खराब, घाटाचा. आईला गाडीतून असा एकच लांबचा प्रवास झेपला असता. जाऊन महाराज तिथं नसते, तर तिला पुन्हा उठवून दुसरीकडे नेण्याची ताकद तिच्यातही नव्हती आणि दिवसही हातात नव्हते. आणि दादानं पहाटेची गाडी सांगूनसुद्धा ठेवली होती.

“हे कधीचं आहे?” मी विचारलं.

“झालं हिचं सुरू,” दादा म्हणाला. “खाली बघ की. यंदाचं साल हाय. ताजं पान हाय ते.”

मी हसले. पानाच्या अगदी तळाला हक्क राखीव वगैरे लिहून पुढे साल असतं, त्यावर भलेभले फसतात. ते साल कुणी बसून लिहीत नाही. नवीन वर्ष लागलं की ते आपोआप बदलतं. भिंतीवरचं घड्याळ चालू आहे म्हणून घरात माणूस राहतो असं धरायचं का? दादाला हे पटलं नाही. त्यानं माझ्यादेखत पानावरच्या नंबरला फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, “पावणं, ते काम सोडून लय दिवस झालं मला. आता कोण बघतंय म्हाईत न्हाय.” दादानं फोन ठेवला आणि पंखा वाढवला.

मी चष्मा लावून बसले. मला अशा वेळी बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. मजकुरात एक ओळ होती : ‘येत्या रविवारी अष्टमीनिमित्त विशेष प्रवचन.’ महिना माघ. लिहिणाऱ्यानं तारीख टाळली होती, पण वार आणि तिथी दोन्ही देऊन बसला होता. मोबाइलवर जुन्या वर्षांची पंचांगं मिळतात, ती काढली. यंदाच्या माघात रविवारी अष्टमी नव्हती. गेल्या वर्षीही नव्हती. त्याच्या आदल्या वर्षी होती.

“फोटोत पिच्छी कशी हाय?” कॉटवरून आईनं विचारलं. आम्हाला वाटलं होतं ती झोपलीय.

मी फोटो मोठा करून बघितला. पिसं विरळ झालेली, कडेनं झडलेली.

“झिजलीय.”

“मग त्यो फोटू चातुर्मास सरतानाचा. चातुर्मास झाला की पिच्छी बदलत्यात. माघात नवीकोरी असाय पायजे.”

बरोबर होतं. मला तेच म्हणायचं होतं, ती आधी बोलली इतकंच. म्हणजे फोटो एका वेळचा, मजकूर दुसऱ्या वेळचा, आणि तळाचं साल तिसऱ्याच वेळचं. इंटरनेटवर पानांच्या जुन्या प्रती साठवून ठेवणारी एक जागा आहे. तिथं हे पान शोधलं, आणि दोन वर्षांपूर्वीची प्रत निघाली. तोच फोटो, तेच गाव, तोच रविवार. दोन वर्षं ते पान ‘सध्या, सध्या’ करत बसलं होतं.

“गाडी नको म्हणून सांग,” मी म्हणाले.

दादा गाडीवाल्याला फोन करायला बाहेर गेला. आईनं पदर डोळ्यांवर घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं. तेव्हा माझी मस्ती उतरली. पान खोटं ठरवण्यात मी हुशार आहे, पण तेवढ्यानं तिचा भाऊ थोडाच सापडणार होता? मला त्या क्षणी खरोखर भीती वाटली.

मग मी जिद्दीला पेटले. महाराजांचं नाव वेगवेगळ्या तऱ्हेनं लिहून शोधलं, समोर येईल ते पान उघडलं. बहुतेक पानं जुनी, काही तर फारच जुनी. चहा झाला, गार झाला, दुसरा आला. शेवटी एका गावच्या श्रावक मंडळाचं पान मिळालं. ‘आपल्या गावी महाराजांचे मंगल आगमन झाले आहे.’ गावाचं नाव होतं, तारीख नव्हती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, आगमन झालं ते कधी झालं, हे लिहायला बोटं झिजतात का?

पण फोटो होता. महाराज एका शाळेच्या फाटकातून आत येताहेत, हातात भरगच्च नवी पिच्छी, मागं बायकांच्या डोक्यांवर कलश. आणि त्यांच्याही मागं, रस्त्यापलीकडे, एक भलामोठा फ्लेक्स. काळा चष्मा, जोडलेले हात, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा, खाली शुभेच्छुकांच्या मुंडक्यांची रांग.

जिल्ह्यातल्या पुढाऱ्यांचे वाढदिवस मला पाठ आहेत. त्यांच्या पुरवण्यांची मुद्रितं मीच वाचलीत. हा वाढदिवस त्याच आठवड्यातला होता. पण वाढदिवस दरवर्षी येतो, तेव्हा साल कुठलं? नावाखाली बघितलं : ‘नवनिर्वाचित’. गेल्या वेळी हे गृहस्थ सपाटून पडले होते. पद मिळालं ते यंदाच्या थंडीत. म्हणजे साल यंदाचं. आता फ्लेक्स तिथं किती दिवस टिकतो? आपल्याकडे वाढदिवस झाला की त्याच बांबूंवर दुसऱ्याचा फ्लेक्स चढतो. म्हणजे फोटो फार तर दोन-चार दिवसांचा.

“दादा, ह्यांचा वाढदिवस ह्याच आठवड्यात झाला ना रे?”

दादानं मोबाइल हातात घेतला आणि डोळे मोठे केले. “ह्येंचा? परवा! जेवून आलोय की मी तिथं!”

“आणि एवढ्या वेळात बोलला नाहीस?”

“तू इचारलंस व्हय?”

गाव मुरगूडच्या अलीकडचं होतं. आम्ही त्यांना बेळगावच्या पुढे शोधायला निघालो होतो आणि ते कागल तालुक्यात येऊन उतरले होते. मी मुरगूडच्या आमच्या बातमीदाराला फोन लावला. तो म्हणाला, “हायत की! शाळंत मुक्काम हाय. पर उद्या आहार झाला की निघत्यात म्हनं, निपाणीकडं.” मी विचारलं, उद्या म्हणजे कधी? तो म्हणाला, “ताई, उद्या म्हंजे रविवार, आता काय सही करून देऊ?”

मी आईला सांगितलं. ती उठून बसली आणि तिनं पहिला प्रश्न विचारला तो नेसायच्या लुगड्याचा.

सकाळी आम्ही पोचलो तेव्हा आहाराला, म्हणजे महाराजांच्या दिवसातल्या एकमेव जेवणाला, थोडा अवकाश होता. शाळेच्या आवारात गर्दी होती, घराघरांतली माणसं सोवळ्यात धावपळ करत होती. महाराज आतल्या वर्गखोलीत पाटावर बसले होते. मी आणि दादानं आईला दोन बाजूंनी धरून आत नेलं. बायकांनी कुठवर जायचं ते एका कार्यकर्त्यानं हातानं दाखवलं, तिथं तिला बसवलं.

खोलीच्या खिडक्या बंद होत्या. बाहेरच्या उन्हातून आत आल्यावर मलाच क्षणभर दिसेना. आईनं हात जोडले, डोकं टेकवलं, “नमोस्तु महाराज” म्हणाली, आणि मान वर करून बघत राहिली. ती फळ्याकडे बघत होती. महाराज फळ्याच्या बरेच डावीकडे बसले होते.

मी तिचा खांदा हलकेच वळवला. तिनं डोळे बारीक केले, मोठे केले, परत बारीक केले. महाराजांनी पिच्छी उचलून आशीर्वाद दिला, जसा पुढच्याला दिला होता आणि मागच्याला देणार होते तसाच. तिनं तो बघितलाच नाही. पान खोटं ठरवलं, गाव शोधलं, आईला वेळेत आणून बसवलं, आणि हातभर उजेड कमी पडत होता.

“दिसंना की मला कायबी,” आई म्हणाली. हळू बोलणं तिच्या रक्तात नाही. सगळ्या खोलीनं ऐकलं.

“आज्जी, दर्शन झालं, सरका फुडं,” कार्यकर्ता म्हणाला. “आहाराची येळ झाली.”

तिला उठवायला आम्ही वाकलो. तेवढ्यात महाराज पाटावरून उठले. कमंडलू घेतला, पिच्छी घेतली, आणि कुणाला काही न सांगता दारातून बाहेर पडले. आहाराला निघाले असं समजून लोक जयजयकार करत वाट मोकळी करू लागले. बाहेर महाराजांना आहाराला बोलावण्यासाठी ज्यांच्या दारात मांडणी होती ते हात जोडून सावरून उभे राहिले. पण महाराज फाटकाकडे गेलेच नाहीत. आवाराच्या मधोमध, जिथं झाडाचीसुद्धा सावली नव्हती, तिथं जाऊन थांबले आणि खोलीच्या दाराकडे तोंड करून उभे राहिले.

कुणाला काही कळेना. दादाला कळलं. त्यानं आईला जवळजवळ उचलूनच पायरीशी आणलं.

ऊन त्यांच्या तोंडावर सरळ पडलं होतं. आईनं कपाळावर आडवा हात धरला आणि बघू लागली. बराच वेळ बघत होती. महाराज बोलले नाहीत, हलले नाहीत; नजर तेवढी खाली जमिनीवर होती.

“म्हातारा झालास की रे,” आई म्हणाली.

मुनींना अरेतुरे! मागं कुजबुज झाली, कार्यकर्ता पुढे सरसावला, दादानं त्याला छातीला हात लावून थांबवलं. महाराजांनी वर बघितलं नाही. ते तसेच उन्हात उभे राहिले, आईनं स्वतःहून कपाळावरचा हात खाली घेईपर्यंत.