आईनं घातलेली वेणी

आज सकाळी आखडलेल्या बोटांना आई लावायची तेच मलम चोळताना त्याच्या वासानं मला माहेरी वडूजला नेलं, माझ्या लग्नाच्या सकाळी. सांधेवातानं आईची बोटं उठल्यावर तासभर तरी वळायची नाहीत, म्हणून माझी वेणी घालायला मावशी बसली होती.

आई म्हणाली, "सर तू. लेकीची वेणी मीच घालणार."

तिनं ऊन पाण्याच्या पातेल्यात हात बुडवले. एकेक पेर हळूहळू वाकू लागलं.

"आगं, लय दुखतंय न्हवं?" मावशीनं विचारलं.

"दुखू दे."

उशीर होतोय म्हणून मी कुरकुरत होते. सुजलेल्या सांध्यांनी पेड ओढणं काय असतं, ते आता कळतंय.

दुसऱ्या दिवशी सासरी वेणी सोडायला बसले. आईनं मारलेली गाठ मला सुटेना.