भिकूच्या कडीत नवीन काय?

आमच्या व्हरांड्यात दोन गोष्टी आपोआप साठतात. कलकत्त्याहून नामंजूर होऊन आलेले अर्ज, आणि म्हाताऱ्यांचे किस्से. अर्जांना भोक पाडून मी दोऱ्यात ओवतो. किश्श्यांना फाईल नाही, म्हणून ते मित्रांना सांगतो. मित्र म्हणतात, "थापा मारतोस!" अरे, थापा मारायला डोकं चालवावं लागतं. इथं नुसतं खुर्चीत बसून राहिलं तरी भागतं.

व्हरांडा अप्पासाहेबांचा, लोणावळ्याच्या बाजाराच्या वरच्या अंगाला. अप्पासाहेबांनी तीस वर्षं कलकत्त्याला पेटंटच्या कचेरीत एक्झामिनर म्हणून काढली. म्हणजे लोकांनी शोध लावायचे, आणि तो शोध आधीच कुणीतरी लावलाय हे यांनी दाखवून द्यायचं. पेन्शनीत निघाल्यावर हवा चांगली म्हणून इथं आले, आणि आता टेबलाच्या उलट्या बाजूला बसून लोकांचे अर्ज लिहून देतात.

मी पुण्याचं कॉलेज सोडलं. सोडलं; मला काढलं नाही. हा फरक वडिलांना अजून पटलेला नाही. त्यांनी मला आणून अप्पासाहेबांच्या टाइपरायटरसमोर बसवलं. म्हणाले, "मोठ्या माणसांच्या सहवासात राहा, सुधारशील."

माणसं मोठी आहेत, यात वाद नाही. अप्पासाहेब, तळेगावचे वकीलसाहेब आणि रिटायर झालेले ड्रॉइंगमास्तर, तिघांची वयं मिळवली तर दोनशेच्या वर जातात!

*

अप्पासाहेबांची नोकरी सुटली, सवय सुटली नाही. समोर काहीही आलं की चष्मा कपाळावर चढवून एकच प्रश्न: "यात नवीन काय?"

शेजारच्यांनी पोराच्या लग्नाची पत्रिका आणून दिली. अप्पासाहेबांनी ती उलटीसुलटी केली. "यात नवीन काय?" शेजारी बिचारा म्हणाला, "मुलगी नवीन आहे."

एकदा जेवताना आमटीचा भुरका मारून त्यांनी काकूंनाच विचारलं, "यात नवीन काय?"

काकू वाढता वाढता म्हणाल्या, "मीठ घालायचं राहिलंय. घ्या लिहून!"

*

आता मासेमारीकडे येतो. वळवणचं धरण झालं, तळं भरलं, आणि बंगलेवाले सगळे काठावर गळ टाकून बसायला लागले. मासे लागेनात, म्हणून शोध लागायला लागले.

आणि शोध कशाचे? तर कडीचे! गळाच्या काठीवर टोकापर्यंत छोट्या छोट्या कड्या बसवलेल्या असतात, त्यांतून रेशमी दोरी ओवलेली असते. मासा ओढायला लागला की दोरी त्या कड्यांतून सरसर पळते. लोखंडी कडी असली तर तिला दोरीनं एकाच जागी खाच पडते, आणि मग ती खाच दोरी कापते. दोरी तुटली की मासा गेला. एका पावसाळ्यात या एवढ्याशा कडीवर आमच्याकडे सहा अर्ज आले. सहाही परत आले.

त्यातला एक पेन्शनर रेल्वेगार्डाचा होता. त्यांनी कडीला घंटी लावली होती. मासा ओढतो, घंटी वाजते, माणूस जागा होतो! फक्त लोणावळ्याला वारा असतो हे गार्डसाहेब विसरले. पहिल्याच दिवशी घंटी सकाळपासून संध्याकाळपर्यंत वाजत होती. तळ्यावरच्या बाकीच्या लोकांनी त्यांना काठीसकट घरी पोचवलं.

अप्पासाहेबांनी त्यांना अगदी गंभीरपणे सांगितलं, "ही घंटी माणसासाठी आहे की माशासाठी, ते अर्जात स्पष्ट केलेलं नाही."

गार्डसाहेब तेवढ्याच गंभीरपणे म्हणाले, "दोघांच्याही सोयीसाठी आहे."

*

वकीलसाहेब आठवड्यातून दोनदा तळेगावहून गाडीनं येतात. त्यांचं काम क्लेम लिहायचं. क्लेम म्हणजे आपला हक्क नेमका कशावर आहे ते सांगणारं कलम. वकीलसाहेबांचं म्हणणं, हक्क सांगायचाच तर हात आखडता कशाला घ्यायचा?

त्यांनी एका कडीचा क्लेम मला सांगितला आणि मी तो टाइप केला. "कोणत्याही पदार्थाची, कोणत्याही आकाराची, आरपार पोकळी असलेली कोणतीही वस्तू, जिच्यातून कोणतीही लांब वस्तू जाऊ शकते."

मी म्हटलं, "वकीलसाहेब, यात खंडाळ्याचा बोगदासुद्धा बसतो. मेलगाडीसकट."

ते पान तोंडात टाकत म्हणाले, "रेल्वेनं हरकत घेतली तर बघू!"

*

अशा या ज्ञानी मंडळींकडे एक दिवस भुशीचा भिकूभाऊ आला. वय पन्नाशीच्या आसपास, थोडी भातशेती, आणि मासे धरण्यात लोणावळ्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. वळवणला बंगला घेऊन राहिलेल्या एका रिटायर कर्नलसाहेबाबरोबर तो दोन वर्षं तळ्यावर जात होता. साहेबानं खुर्चीत बसायचं, भिकूभाऊनं टोपली उचलायची, गळ लावायचा, मासा काढायचा. मासा धरला कुणी? साहेबानं!

भिकूभाऊनं फडक्यातून काठीचा तुकडा काढून टेबलावर ठेवला. त्यावर तारेचा एक वेढा होता, आणि त्या वेढ्यात तान्ह्या पोरीची हिरवी काचेची बांगडी. लहानशी, बारशाला भरतात तसली.

वकीलसाहेब हसून हसून लाल झाले. "काठीला बांगड्या भरल्यास होय रे?"

"भरल्या की," भिकूभाऊ म्हणाला. "हात लावून बगा."

मी बोट लावलं. बांगडी तारेत घट्ट नव्हती. सैल होती, बोट लागलं की गरगर फिरत होती. मला चटकन कळलं. दोरी पळाली की बांगडी फिरते, घासणारी जागा सारखी बदलते, खाच पडतच नाही! काच गुळगुळीत, तिला ओली दोरीसुद्धा चिकटत नाही. सहा शहाण्यांना जमलं नव्हतं ते या माणसानं कासाराच्या दुकानात उभ्या उभ्या सोडवलं होतं.

अप्पासाहेबांचा चष्मा कपाळावर गेला. "यात नवीन काय?"

"त्ये मला काय ठावं, आबा? पन आता त्यो सायेब समद्यास्नी सांगतुया, ही माजी कडी म्हनून. म्या इचारलं, सायेब, माजी न्हवं का? तर म्हनला, तू टोपली उचल." भिकूभाऊनं काठीचा तुकडा पुन्हा हातात घेतला. "मला दुसरं कायबी नगं. कडी माजी हाय, तिला माजं नाव लागाया पायजे. बास."

*

मग तिघा म्हाताऱ्यांनी कंबर कसली.

ड्रॉइंगमास्तरांनी चित्र काढलं. चाळीस वर्षं शाळेत पोरांच्या वह्यांवर "रेघ जुळली नाही" असा शेरा मारलेला माणूस! बांगडी आणि तार यांच्यामध्ये फट आहे हे त्यांच्या डोळ्यांना सोसेना. त्यांनी कंपास घेऊन दोन्ही वर्तुळं अशी चिकटवून काढली की मधे केस जाणार नाही. वर मला म्हणाले, "मूळ वस्तू जरा गबाळी होती. मी सुधारून घेतली."

वकीलसाहेबांनी चित्र बघून क्लेम लिहिला: तारेत घट्ट बसवलेली काचेची कडी. यावेळी हात आखडता घ्यायचा असं त्यांना मीच सांगितलं होतं. त्यांनी बरोबर नको तिथं आखडला.

अप्पासाहेबांनी तर कमाल केली. अर्जाला त्यांनी स्वतःच्या अक्षरात एक पुरवणी जोडली, "या वस्तूशी साम्य असलेल्या पूर्वीच्या वस्तू." पहिल्या नंबरावर बांगडी!

"अप्पासाहेब, ही हरकत कचेरीनं घ्यायची असते!"

"अरे, त्यांचा वेळ वाचतो."

आणि हे सगळं टाइप केलं कुणी? मी. चित्र नीट न बघता. तेव्हा माझंही नाव या तिघांच्या खाली लिहून घ्या.

कलकत्त्याहून उत्तर आलं. तारेत घट्ट बसवलेली बांगडी ही बांगडीच आहे, तिच्यात नावीन्य दिसत नाही, अर्ज नामंजूर. भिकूभाऊ पायरीवर बसला होता. मी अप्पासाहेबांकडे बघितलं, म्हटलं आता तरी म्हातारा ओशाळेल.

अप्पासाहेबांनी कागद दोनदा वाचला. चेहरा फुलला. टेबलावर थाप मारून म्हणाले, "काय नेमकी हरकत घेतलीय पोरानं! अरे, मीच शिकवलंय त्याला!"

*

तिघांनी मिळून नवा अर्ज करायचं ठरवलं. यावेळी सैल कडीचा. मास्तरांना फट ठेवायला राजी करण्यात आठ दिवस गेले. तेवढ्यात पेटंटच्या कचेरीचं गॅझेट आलं. कर्नलसाहेबाचा अर्ज मुंबईच्या एजंटामार्फत आमच्या आधीच गेला होता आणि मान्यही झाला होता. सैल काचेची, फिरणारी कडी. चित्रात फट अशी स्वच्छ दाखवली होती की मास्तरांनी तोंड फिरवलं.

मी त्या दिवशी तिघांना जे काय बोललो ते इथं लिहीत नाही.

शेवटी वकीलसाहेब म्हणाले, "मुदतीत हरकत घेता येते. ही कडी साहेबाच्या आधी उघडपणे कुणी वापरत होतं, एवढं दाखवलं की त्याचं पेटंट पडतं."

"म्या वापरत व्हतो की!" भिकूभाऊ म्हणाला.

"तू त्याची टोपली उचलायचास. तो म्हणेल, माझ्याच हुकमानं वापरली. साहेब लोणावळ्याला यायच्या आधीचं काही आहे का?"

भिकूभाऊ बराच वेळ अंगणातल्या फणसाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हाय की. माजा बा वापरायचा."

अप्पासाहेब खुर्चीतून उठलेच. "मग आपण अर्जात हे नवीन आहे असं का लिहिलं?"

"म्या कुटं लिवलं, आबा? तुमीच लिवलं."

अप्पासाहेब खाली बसले. एरवी कधी बोलत नाहीत इतक्या हळू आवाजात म्हणाले, "भिकू, नीट ऐक. तुझा बाप वापरायचा असं एकदा कागदावर आलं, की ही कडी कुणाचीच राहत नाही. तुझा नवा अर्जही मेला. तुझं नाव तिला कधीच लागणार नाही."

"सायबाचं लागंल का?"

"नाही."

"मंग लिवा."

एकट्याच्या शब्दाला वजन येईना, म्हणून भिकूभाऊनं भुशीतून चार म्हातारे आणले. अप्पासाहेबांनी एकेकाला वेगळं बसवून जुन्या कचेरीच्या थाटात उलटतपासणी घेतली. चौघांनीही तीच कडी सांगितली, तीच तार, तीच सैल बांगडी. रंग? चौघांचाही हिरवा! एका आजोबांनी तर भिकूच्या बापानं धरलेला मासा दाखवायला दोन्ही हात फाकवले, ते थेट टाइपरायटरला लागले. "ह्यवडा! समद्या गावानं खाल्ला!"

चौघांनी अंगठे दिले. अप्पासाहेब समाधानानं म्हणाले, "तीस वर्षांत इतका एकसारखा पुरावा मी पाहिला नाही."

महिने गेले आणि निकाल आला. कर्नलसाहेबाचं पेटंट पडलं. कडी आता सगळ्यांची, ज्याला पाहिजे त्यानं करावी. बाजारातला कासार बारशाच्या बांगड्या पुरवता पुरवता टेकीला आला. गिऱ्हाईक येतं आणि सांगतं, "भिकूच्या कडीसाठी पाहिजेत."

निकालाचा कागद घेऊन मी स्वतः भुशीला गेलो. भिकूभाऊनं जेवायला बसवलं. भात, भाकरी, आणि सकाळीच धरलेल्या माशाचं कालवण. समोर भिंतीवर खुंटीला तुळशीची माळ लटकत होती, मणी झिजून काळे झालेले.

"ही माळ कुणाची?"

"बाची," भिकूभाऊ म्हणाला. "माळकरी व्हता त्यो. उभ्या जन्मात मासळीला शिवला न्हाई. म्या मासं धरून आलो, तर मला गोठ्यात जेवाय बसवायचा."

माझा घास हातातच राहिला. "मग भिकूभाऊ, ती कडी..."

भिकूभाऊनं माझ्या ताटात माशाचा आणखी एक तुकडा वाढला.

"काटा बगून खा, दादा."