एकशे बारा जंतू

त्याला सगळे फवारा म्हणत. निम्मं कारण धंदा: पाठीवर पंप अडकवून तो घराघरांत झुरळांचं औषध मारत फिरे. उरलेलं निम्मं कारण तोंड. हा भडकला की समोरच्याने रुमाल काढून ठेवावा, असं त्याची बायको म्हणे, आणि तिच्याएवढा अनुभव कुणाला नव्हता.

लेकीला न्यूमोनिया होऊन मुलांच्या वॉर्डात ठेवलं, तेव्हा मात्र त्याची वाचाच बसली. पोरगी तापाने फणफणलेली, धापा टाकणारी. रक्त तपासलं. एक घाईतला डॉक्टर जाता जाता म्हणाला, "सीआरपी ऐंशी. जंतुसंसर्ग आहे. इंजेक्शन सुरू केलंय."

फवाऱ्याने सरळ अर्थ लावला: लेकीच्या अंगात ऐंशी जंतू आहेत.

"ऐंशीच ना?" तो बायकोला म्हणाला. "एवढे तर एका मोरीत निघतात."

दुसऱ्या दिवशी पुन्हा सुई, पुन्हा रडारड. तोच डॉक्टर, तीच घाई. "एकशे बारा."

मग फवारा सुटला. "ओ साहेब! औषध देताय की खाऊ घालताय त्यांना? बत्तीस पिल्लं झाली की आत! मी असं काम केलं असतं तर गिऱ्हाइकाने पंप माझ्याच डोक्यात घातला असता!"

डॉक्टर केव्हाच पुढच्या वॉर्डात गेला होता.

"अहो, हळू. पोरं झोपलीत," बायको म्हणाली.

"झोपू देत! जंतू जागे आहेत ना! पिशवी भर. दुसरीकडे नेतो हिला."

"वाटेत श्वास अडकला तर?"

"आणि इथे ठेवून काय आरती ओवाळायचीय?" त्याने लेकीच्या पाठीखाली हात घातलासुद्धा. तेवढ्यात मोठ्या डॉक्टरीणबाई आडव्या आल्या.

"हात काढा आधी. सलाईन निघेल तिची."

"एकशे बारा झालेत, बाई!"

"काय एकशे बारा?"

"जंतू!"

शेजारच्या खाटेवरची आजी फिसकन हसली. बाई हसल्या नाहीत. "तो जंतूंचा आकडा नाही हो. जंतू शिरले की शरीर आतून बोंबाबोंब करतं, त्या बोंबेचा आहे. औषध लागू पडलं तरी सुरुवातीला चढू शकतो. ताप उतरतोय, धाप कमी आहे, तेही बघायचं असतं. उद्याही आकडा उतरला नाही तर औषध बदलायचा विचार करू. आज हलवलंत तर धोका आहे."

फवाऱ्याचे हात तिथेच थबकले. औषध मारल्याच्या दुसऱ्या दिवशी लोकांचे फोन यायचे: झुरळं वाढली, फटीफटीतून निघतायत, फसवलंस! आणि तो झापायचा, औषध लागलंय म्हणूनच निघतायत, कळ काढा जरा. आज तो स्वतःच ते गिऱ्हाईक झाला होता, आणि असलं गिऱ्हाईक त्याच्या डोक्यात जाई.

त्याने हात काढले. राग गेला नाही. त्याला फक्त खरा पत्ता सापडला. "मी गिऱ्हाइकाला झापतो, पण सांगतो तरी! तुमचे साहेब आकडा फेकून पसार. नेलं असतं पोरीला आणि काही झालं असतं, मग कुणाला झापायचं होतं?"

"त्यांनी सांगायला हवं होतं," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी तो डॉक्टर आला. "सत्तर," म्हणून वळलाच. फवाऱ्याने त्याचा एप्रन धरला.

"सत्तर म्हणजे?"

"म्हणजे... उतरतोय. औषध लागू पडतंय."

"मला नका सांगू. तिला सांगा. सुई तिला टोचलीत ना?"

डॉक्टर वाकला, पोरीला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग उद्या सुई नाही ना?"

डॉक्टरने घड्याळाकडे बघितलं. फवाऱ्याने एप्रन आणखी घट्ट धरला.